वरून दिसलेली पायवाट

माझ्या बाहीवर आज ज्या फिती आहेत, त्या सुभेदारसाहेबांमुळे आहेत. हे आधी लिहून टाकतो. काय झालं ते मागून सांगतो. सांगता सांगता मी स्वतःचीच फुशारकी मारायला लागलो, तर तुम्ही ही पहिली ओळ पुन्हा वाचा.

सकाळी तंबूतून बाहेर आले की त्यांची एकच तऱ्हा. टोपी मागे सारायची, हनुवटी वर करायची, एक डोळा मिटायचा आणि आभाळाकडे असं बघायचं, जसं कोणी माळ्यावरून वाकून आपल्याला बघतंय आणि आपण त्याला पकडलंय. 'जय हिंद' त्यानंतर. समोर जो असेल त्याला विचारायचे, "काय रे, वरून कसं दिसून राह्यलं?"

पहिल्या दिवशी समोर मी होतो. घाबरून म्हणालो, "छान दिसतंय, साहेब."

"छान दिसून राह्यलं मंजे दिसून राह्यलं ना, लेका! दिसालेच नाई पाहिजे."

ही गोष्ट एकाहत्तरच्या लढाईनंतरची. तीन-चार वर्षं उलटली असतील. वाशीमच्या मुलखात, जऊळका स्टेशनला सामान उतरवून आत गेलं की एक उघडा माळ लागतो. कडेला पळस, सागाची रोपटी, गुडघाभर वाळलेलं गवत. तिथे आमचा कॅम्प. त्या सुमाराला फौजेत नवीनच बोलणं सुरू झालं होतं. आतापर्यंत शत्रू डोंगरापलीकडून बघायचा. आता मोठ्या देशांनी आभाळात उपग्रह सोडलेत, ते ठरल्या वेळी डोक्यावरून जातात आणि खालचे फोटो काढतात. ट्रक किती, तंबू किती, तोफा कुठे. उद्या लढाई झालीच, तर तिचा नकाशा कोणी तरी आजच वर बसून काढून ठेवलेला असणार. तेव्हा लपायला शिका, असं ठरलं. आणि प्रत्येक तुकडीत असा एक जण तयार करा, जो साहेबाच्या हुकमाची वाट न बघता आपली माणसं वेळेवर लपवील. अशा दहा जणांचा तो कोर्स होता आणि सुभेदारसाहेब आमचे उस्ताद होते.

मी त्या दहांत कसा, हा प्रश्न मला रोज पडायचा. मी राजापूरकडचा. सातवीत शाळा सुटली. फौजेत आलो तो लंगरवर. भात रांधणं, कणीक मळणं, पातेली घासणं. वय चोवीस, घरी नवी बायको. तिला पत्र लिहायला दुसऱ्याच्या पाया पडावं लागत नव्हतं, एवढंच माझं शिक्षण. बाकीचे नऊ जण मॅट्रिक झालेले, इंग्रजी पुस्तिका फडाफडा वाचणारे.

झालं असं. दहावा माणूस तापाने जऊळक्याहूनच परत गेला. त्या दिवशी सुभेदारसाहेब लंगरात चहा प्यायला आले. माझी पाठ त्यांच्याकडे, हात कणकेत. ते उठताना मी मान वळवली आणि म्हणालो, "साहेब, डाव ठेवा जागेवर."

त्यांनी मांडणीतला एक डाव उचलून मागे लपवला होता.

"पाह्यलं तं नाईस तू. कसं समजलं?"

"रोज तिथे चमकतो, साहेब. आज चमकला नाही."

"हेच तं!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा पहारेकरी आत धावला. "वरचा बी हेच पाह्यते. काल होतं ते आज आहे का नाई. तू ये माह्यासंगं."

त्यांनी माझं नाव लिहून वर पाठवलं. सोबत एक ओळ लिहिली, ती कारकुनाने मला वाचून दाखवली: हा माणूस नापास झाला तर यापुढे माणूस निवडताना माझं मत विचारू नये. त्या ओळीने माझी झोप उडाली. मी नापास झालो तर मी परत पातेल्यांवर जाणार, त्याचं काही नाही, पातेली ओळखीची होती. पण वीस-बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा शब्द माझ्यामुळे जाणार, हे काही मला पचेना.

त्यांचं शिकवणं इंग्रजी पुस्तिकेतून नव्हतंच. त्यांनी माझ्या लंगरातली परात मागवली. तिच्यात पीठ पसरलं. तुरीची डाळ म्हणजे ट्रक, मिरच्या म्हणजे तोफा, लसणाच्या पाकळ्या म्हणजे तंबू. "पाहून घ्या. आता डोळे मिटा." आम्ही डोळे मिटायचो, ते काही तरी बदलायचे. "उघडा. काय झालं?" मॅट्रिकवाले डाळी मोजत बसायचे. एकदा डाळ सगळी जागच्या जागी, मिरच्याही तेवढ्याच. कोणालाच काही दिसेना. मी म्हणालो, "साहेब, पिठावर बोट फिरलंय. मिरचीपासून कडेपर्यंत."

"शाब्बास! तोफ झाकता, अन् तोफ ओढत नेली ते चाकोरी तशीच. सारे इथंच मरतेत."

बाकीचे मग मला 'परातवाले साहेब' म्हणायला लागले. थट्टाच होती, पण आधी 'लंगरवाला' म्हणताना असायचा तो विखार तिच्यात नव्हता.

दुसरी त्यांची पद्धत त्याहून अवघड. रोज एक जण 'आजचा म्होरक्या'. त्या दिवशी कॅम्प त्याचा. सुभेदारसाहेबसुद्धा त्याच्या हाताखालचे शिपाई. दुपारी ते खरोखर ताट घेऊन उभे राहायचे, "म्होरके, जेवाले जाऊ का?" आम्ही लाजून मरायचो. माझी पाळी पहिल्यांदा आली तेव्हा उपग्रहाची वेळ होत आली होती. ट्रकवर जाळी टाकायची होती आणि मी म्हणत होतो, "जरा जाळी टाकता का? तेवढं बघा ना."

सुभेदारसाहेब जाळीचं टोक हातात धरून तसेच उभे. हलेनात.

"साहेब, टाका ना जाळी."

"हुकूम दे लेका, अर्ज नको देऊ. अर्जाले वेळ लागते. वरचा थांबत नाई."

परीक्षा अशी होती की उपग्रहाच्या जागी हवाई दलाचं एक विमान फार उंचावरून जाणार आणि कॅम्पचा फोटो काढणार. वेळ बंद पाकिटातून आली: सकाळी दहा चाळीस. आणि त्या दिवसाचा म्होरक्या मी. नेमके त्याच दिवशी अकरा वाजता मोठे साहेब कॅम्प बघायला येणार होते.

आता फौजेतला माणूस हे वाचत असेल तर पुढे काय झालं ते त्याने ओळखलं असेल. मोठे साहेब येणार म्हटलं की फौज काय करते? दगडांना चुना लावते. स्टोअरचे हवालदार साताऱ्याकडचे, वीस वर्षांची सवय. आदल्या दिवशी दुपारीच ते चुन्याच्या बादल्या आणि चार माणसं घेऊन निघाले. "आरं, साह्यब येतंय आन् दगडं काळी? लाज न्हाय व्हय तुमाला?" माझ्याकडे येऊन म्हणाले, "लावू न्हवं, उद्याचं म्होरकं?" मी हो म्हणालो. का म्हणालो? कारण चुना लावला म्हणून फौजेत आजवर कोणाला शिक्षा झालेली मी बघितली नव्हती. भित्रा माणूस असाच हिशेब करतो.

सकाळी आठ वाजता ट्रक झाकलेले, तंबूंवर गवत, चूल विझवलेली. मी खूश होतो. सुभेदारसाहेब म्हणाले, "चाल, जरा टेकडीवर जाऊन येऊ." वर चढलो. त्यांनी मला पाठमोरं उभं केलं, मग खांद्याला धरून फिरवलं.

"वरून कसं दिसून राह्यलं?"

ट्रक एकही दिसत नव्हता. तंबू दिसत नव्हता. पण तंबूभोवतीचे चौकोन पांढरे शुभ्र. वाटेच्या दोन्ही कडा पांढऱ्या. झेंड्याचा गोल पांढरा. फाट्यावर कॅम्पकडे वळणारा भला मोठा बाण पांढरा. वाळल्या गवतावर कोणी सणाची रांगोळी काढावी तसा अख्खा कॅम्प काढून ठेवलेला होता.

मी म्हणालो, "साहेब, आता काय करू?"

"मले काहून विचारतं? मी आज तुह्या हाताखालचा शिपाई."

"पण मोठे साहेब यायचेत. दगड काळे दिसले तर..."

ते गवताची एक काडी तोडून चावत बसले. त्या माणसाचा मला तेव्हा इतका राग आला म्हणून सांगू. रागातच मी खाली पळत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, "सगळे बाहेर! एकूण एक दगड उलटा करा! पांढरी बाजू खाली! फाट्यावरचा बाण आधी!"

स्टोअरचे हवालदार धावत आले. "आरं बाबा, येड लागलं का तुला? माझी सारी रातभर पाठ दुखलीया!"

"हुकूम आहे, हवालदारसाहेब."

ते मग वाकले आणि दगड उलटायला लागले, पण शिव्या देत. सुभेदारसाहेब माझ्या शेजारी येऊन सावधानमध्ये उभे राहिले. "म्होरके, मी बी उलटू का दोनचार?" दहा पस्तीसला शेवटचा दगड उलटला. दहा चाळीसला वर बारीकसा आवाज आला आणि गेला.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बारा झाले. मोठे साहेब येईनात. साडेबाराला जीप आली ती धुळीने लाल. फाट्यावर बाण दिसला नाही म्हणून ड्रायव्हर सरळ पुढे गेला होता, थेट किन्हीराजाला. तिथे गावात विचारून परत फिरले होते. साहेब उतरले ते तापलेलेच.

"निशान किसने हटाया?"

मी पुढे झालो. "मेरे हुकुम से, साहब."

"तुम कौन?"

मी सुभेदारसाहेबांकडे बघितलं. वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील. ते एक डोळा मिटून आभाळ बघत होते.

"आज का कॅम्प मेरा है, साहब," मी म्हणालो. आवाज माझाच, पण मला तो लांबून ऐकू आल्यासारखा वाटला.

साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग एका दगडाला बुटाने उलटं केलं. पांढरा निघाला. पुन्हा पालथा केला. "फोटो आने दो," एवढंच बोलले आणि गेले.

फोटो यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मला भाकरी गोड लागली नाही. एका दुपारी सुभेदारसाहेब शेजारी येऊन बसले. "भेव वाटून राह्यलं?"

"हो, साहेब."

"वाटू दे. ज्याले भेव वाटत नाई तो म्होरक्या माणसं मारते. पण भेव घेऊन बी तू दगड उलटवलेस का नाई? मग झालं तं."

फोटो घेऊन मोठे साहेब स्वतः आले. चटईएवढा फोटो टेबलावर पसरला. आम्ही दहाही जण वाकलो. माळ, गवत, पळसाचे ठिपके. कॅम्प कुठेच नाही. मी स्वतःचा तंबू शोधत होतो, मला सापडत नव्हता. स्टोअरचे हवालदार माझ्या कानात म्हणाले, "माझा चुना कामी आला बग, पालथा."

तेवढ्यात साहेबांनी पेन्सिल टेकवली. "और ये क्या है?"

एक बारीक रेघ होती. गवतातून निघालेली, माळाच्या पूर्वेच्या कडेपर्यंत गेलेली आणि तिथेच संपलेली. चाकाची नव्हती, गुरांची नव्हती. एकाच माणसाने एकाच वाटेने दिवसामागून दिवस जावं आणि परत यावं, तेव्हा गवत असं बसतं.

त्या दिवशी कॅम्प माझा होता, म्हणजे रेघ माझीच. मी तोंड उघडणार तोच सुभेदारसाहेब पुढे झाले.

"साहब, वो पाँव मेरे हैं."

साहेबांनी पेन्सिल त्या रेघेवरून हळू फिरवली आणि जिथे ती संपत होती तिथे थांबवली. "इस किनारे से क्या दिखता है, सूबेदार साहब?"

"गाँव, साहब. शाम को चूल्हे जलते हैं तो धुआँ दिखता है."

"किन्हीराजा."

"जी."

साहेब खुर्चीवर बसले. "उस दिन रास्ता भूलकर गया था, तो वहाँ एक बाई ने पानी पिलाया. बोली, हमारे आदमी को बता देना, घर तीन कोस पर है, तीन सौ कोस पर नहीं."

आम्हा दहांपैकी कोणाला हे माहीत नव्हतं. दोन महिने आम्ही त्यांच्यासोबत जेवलो, त्यांच्या गावाची भाषा ऐकली. पण गाव त्या कडेवरून दिसतं आणि संध्याकाळच्या हजेरीनंतर हा माणूस ते बघायला जातो, हे कोणाला कळलं नाही. वरच्याला कळलं.

"दो दिन की छुट्टी," साहेब म्हणाले. सुभेदारसाहेब म्हणाले की कोर्स संपायला अजून दहा दिवस आहेत, साहेब. साहेब माझ्याकडे वळले. "तुम. पत्थरवाले. तुम इन्हें हुकुम दो. तुम्हारी परीक्षा अभी बाकी है."

वाचकहो, मोठ्या साहेबांसमोर उभं राहणं सोपं होतं असं मला त्या क्षणी वाटलं. ज्याच्यासमोर मी दोन महिने मान वर केली नव्हती त्याला मी काय सांगणार?

"सुभेदारसाहेब, घरी जा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "अर्ज आहे का हुकूम?"

"हुकूम."

"मग तू बी चाल," ते म्हणाले, "एकट्यानं गेलो तं मार खाईन."

वाटेत मी त्यांना विचारलंच, एवढं जवळ असून का गेला नाहीत? त्यांनी वाटेतल्या गवताची एक काडी तोडली. मग म्हणाले, "तुमची घरं दोन दोन दिवसाच्या गाडीवर. माहं तीन कोसावर. मी दर आठवड्याले जाऊन आलो असतो, तं तुमची घरं अजून दूर गेली असती."

किन्हीराजाला त्यांचं घर गावाच्या कडेला, बौद्धवाड्यात. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात तुरीच्या तुराट्या रचलेल्या. बाई कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या.

"या! पाव्हणे आले वाट्टे. कोण्या गावचे?"

"मी आहो," सुभेदारसाहेब म्हणाले. एवढा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"असं का? तुमचा साहेब तं तुमच्याआंधी येऊन गेला. कॅम्प कोठी म्हणे. म्या म्हटलं, त्या माळावर. आमचा दूधवाला तं रोज जाते." मग माझ्याकडे वळून, "आभायातून लपून राह्यले हे, अन् साऱ्या गावाले माहीत!"

त्यांनी ज्वारीच्या भाकरी केल्या, वर मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी. वाढता वाढता विचारलं, "किती शिकला रे बाप्पा तू?"

हा प्रश्न मी नेहमी टाळायचो. "सातवी," मी म्हणालो.

"सातवी! मंग तं लय शिकला. हे तं चौथी. तेही चौथीत दोन खेपा बसले."

मी सुभेदारसाहेबांकडे बघितलं. ते भाकरीत तोंड घालून बसले होते. उपग्रहाच्या वेळांचे आकडे जो माणूस तोंडी मांडायचा, मॅट्रिकवाल्यांच्या चुका बोट ठेवून दाखवायचा, तो चौथी! "फौजेतल्या शाळेत शिकलो मंग," ते पुटपुटले. "तिथं कोणी तरी माहं बी नाव लिहूनच पाठवलं होतं."

मला तेव्हा पहिल्यांदा नीट भूक लागली. मी पाच भाकरी खाल्ल्या. बाई खूश झाल्या.

जेवणं झाल्यावर त्यांनी अजून एक काढलं. "हे साऱ्याईले सांगत राह्यतेत, वरून असं दिसते, वरून तसं दिसते. मी म्हणते, इमानात बसले का कधी तुमी?"

"नाई."

"एक डाव बी नाई?"

"टेकडीवर चढतो ना. बाकी मनानं पाह्यतो."

"पाहा बाप्पा," बाई मला म्हणाल्या, आणि दोघंही हसायला लागली. आम्ही मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी त्यांनी तुराट्यांचं कुंपण नीट केलं, मी हाताखाली होतो. परतताना बाईंनी माझ्या बायकोसाठी पिशवीभर तूरडाळ दिली. म्हणाल्या, राजापूरले अशी मिळत नसंन. खरंच मिळत नाही.

मी पास झालो. पहिली फीत लागली ती त्यांच्या हाताने. पुढच्या कोर्सला त्यांनी आणखी दोन लंगरवाले घेतले आणि कोणी हरकत घेतली नाही. गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन किन्हीराजाला गेले. निरोपाच्या दिवशी मी रजेवर होतो, घरी पहिली मुलगी झाली होती. त्यामुळे माझी त्यांची शेवटची भेट झालीच नाही.

आता मी घरापासून फार दूर आहे. इथल्या ठाण्याचं नाव लिहीत नाही, लिहायचं नसतं. इथे सहा जण माझ्या हाताखाली आहेत आणि रोज सकाळी मी त्यांना तोच प्रश्न विचारतो, राजापूरच्या बोलीत. अजूनही मला भीती वाटते, ती तशीच राहू दिली आहे.

इथे येताना रस्ते बंद होते म्हणून आम्हाला फौजेच्या विमानातून आणलं. पहिलीच वेळ. मला खिडकीशी जागा मिळाली. खाली शेतं, वाटा, एका नदीची वाळू, एका घराच्या छपरावर वाळत घातलेलं काही तरी पिवळं. सगळं सुभेदारसाहेबांनी सांगितलं होतं तसंच. एक गोष्टही चुकलेली नव्हती. सोबतचे बोटं दाखवून हसत होते आणि मला मात्र रडू फुटायला आलं, कारण त्यांच्या जागेवर मी बसलो होतो.

नागपूरहून मुंबईला जाणारं विमान त्याच मुलखावरून जातं. कॅम्पवर असताना दुपारचं उन्हात चमकताना दिसायचं. तिकीट महाग आहे, मी विचारून ठेवलंय. तीन तिकिटांना मला काही वर्षं लागतील, लागू देत. जऊळक्याला गाडीतून उतरून मी किन्हीराजाला चालत येईन आणि साहेबांना आणि बाईंना घेऊन नागपूरला जाईन. बाई मधल्या जागेवर, मी कडेला. खिडकी तुमची, साहेब. एवढं मी फेडीन.